गिटार शेकायला नको होती

मित्रांनो, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. आज सकाळी जे घडले ते एकेकाला वेगळे लिहायला वेळ नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहितो. वाचून पुढच्याकडे द्या.

गिटार मी रेडिओ ऐकून शिकलो, गुरू नाही. या बुद्धपौर्णिमेला विहारात पहिल्यांदाच वाजवायची आहे, पण आवाज बसका येत होता. जन्मभर हलगी वाजवली. ती शेकली की कडक बोलते. म्हणून आज गिटारही शेगडीपुढे धरली.

सून ओरडली, "मामा, ती काय हलगी हाय का? चामडं कुठंय तिला?"

"गप गं. वाद्य ते वाद्य," मी म्हणालो.

तेवढ्यात कट्कन आवाज झाला. लाकूड चिकटवणारा सरस मऊ पडून तारा धरणारी घोडी उखडली. सून हसलीसुद्धा नाही, तेव्हा मी जास्तच घाबरलो.

इथे आमच्या एकलहऱ्यात गिटारीतले कळणारा कोणी मला माहीत नाही. पुढल्या वर्षी ही बोटे चालतील की नाही, कोण जाणे. तुमच्यापैकी कोणी घोडी चिकटवली आहे का? कशाने? तारा पुन्हा कधी ओढायच्या? हसायचे ते नंतर हसा, आधी उलट टपाली कळवा.