चिकूच्या फांदीवरचं इंजिन

बिघडलेली वस्तू अशी जगात नसतेच, तिच्याशेजारी अजून कोणी नीट बसलेलं नसतं एवढंच, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सरावलीला त्यांची चिकूची वाडी आहे, पण वाडीत शिरलं की चिकू नंतर दिसतात. आधी दिसतात ते उघडे पडलेले पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, कोणाची तरी मुकी झालेली शिलाई मशीन आणि या सगळ्यांच्या मधोमध स्टुलावर बसलेले साडू. माणसांना ते सर्रास अरेतुरे करतात, यंत्रांना मात्र अहोजाहो. "अहो, काय होतंय तुम्हाला?" असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मी माझी पाठदुखी सविस्तर सांगायला घेतली होती. प्रश्न माझ्यामागच्या पंपाला होता. त्या पंपाचं वायसर बदलून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि मी कधी आलो म्हणून चौकशी केली.

त्यांची गाडी बावीस वर्षांची, डिझेलवर चालणारी, टर्बो इंजिनाची. टर्बो म्हणजे काय, हे त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत समजावून सांगितलं होतं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर एक छोटं चक्र फिरवायचं आणि त्या चक्राकडून इंजिनाच्या तोंडात जास्तीची हवा कोंबायची, पाहुण्याला आग्रह करतात तशी. हे दाखवताना माझ्या पानात तिसरी जिलबी पडली. ही गाडी मागच्या वर्षी तलासरीच्या अलीकडे हायवेवर बसली. इंजिन जाम. टोचन लावून तिला घरी आणली आणि आमच्या घरातली एक साधी गोष्ट बंद पडली.

ती गोष्ट म्हणजे ताईचं उधव्याला जाणं. आमचे सासरे उधव्याला शाळामास्तर होते. ते गेल्यावरही सासूबाई तिथेच राहिल्या, माझ्या मेव्हण्याजवळ. नव्वदीला टेकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या. ताई, म्हणजे साडूंची बायको, दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जायची. गाडी बसल्यापासून रोज फोनवर सासूबाईंचा एकच प्रश्न, मोठी कधी येणार? ताईचं एकच उत्तर, गाडी झाली की येते. सासूबाईंपाशी फार दिवस उरलेले नाहीत हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणीच नव्हतं.

आणि साडू म्हणत होते, इंजिन नव्याने बांधून घेतो आणि वाडीतच बसवतो. आम्ही सगळे वैतागलो. भाड्याची गाडी करा, नवी घ्या, माझी न्या. ते फक्त 'बघू' म्हणायचे. शेवटी एका रविवारी मी चिडून बोलून गेलो की तुमच्या हौसेपायी ताईला आईचं तोंड दिसत नाही. साडू उठले आणि आतून बांबूचा एक तुकडा घेऊन आले. चिकू उतरवायच्या बेडणीचा, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीचा तो तुकडा, त्यावर सुरीने एक खाच पाडलेली. ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. सीट खाचेच्या खाली असली तर तिला उठवत नाही, वर असली तर चढवत नाही. हा तुकडा घेऊन ते वापीच्या सगळ्या शोरूमा फिरून आले होते. माझ्या गाडीलाही माझ्या नकळत लावून झाला होता, ती चार बोटं खाली भरली.

"भाड्याची गाडी केली होती रे," ते म्हणाले. "आशागडपर्यंत गेलो आणि परत फिरलो. ती काही बोलली नाही. पण मी आरशात बघत होतो ना."

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी दर रविवारी पाने-पकडी धरायला जाऊ लागलो.

इंजिन हद्दीपलीकडच्या एका कारागिराने बांधून दिलं. एवढ्या म्हाताऱ्या गाडीसाठी एवढा खटाटोप पाहून तो बराच वेळ गुजरातीत हसला, पण काम चोख केलं. भाताच्या पेंढ्यात बसून इंजिन वाडीत आलं. डहाणूच्या खाडीवरचा, होड्यांची इंजिनं चढवणारा एक मिस्त्री साडूंचा दोस्त आहे. तो आपली साखळीची कप्पी घेऊन आला. वाडीतल्या सर्वांत जुन्या चिकूची फांदी निवडली, तिला खालून दोन खांबांचा टेकू दिला आणि इंजिन वर चढलं. मग मिस्त्रीला समुद्रावरून बोलावणं आलं आणि तो चार दिवसांसाठी गेला. चार दिवस इंजिन फांदीला. बाजाराला जाणारे लोक वाट वाकडी करून बघून जात. साडू सकाळी उठून त्याच्यावरची दवाची ओल पुसत आणि आज मिस्त्री नक्की येतील असा त्याला धीर देत.

त्याच चार दिवसांत अनर्थ झाला. गाडी खोलताना निघालेले नटबोल्ट साडूंनी चिकूच्या सात खोक्यांत ठेवले होते, जिथून निघाले त्या जागेप्रमाणे. आता चिकूच्या घरात खोक्यांतला माल निवडल्याशिवाय पडून राहत नाही. वाडीत चिकू निवडणारी जानकीबाई, तिने फावल्या वेळात आपणहून सातही खोकी ओटीवर ओतली आणि सगळा माल प्रतवार लावून टाकला. एक नंबर मोठे, दोन नंबर मधले, तिसऱ्यात बारीक, आणि गंजलेले बाजूला, डागी म्हणून.

"दादा, सगला सरखा लावून ठेवलाय," ती कौतुकाने म्हणाली. "मोठा वेगला, बारीक वेगला."

मी डोक्याला हात लावला. एकाच जाडीचे पण कमीजास्त लांबीचे पन्नासेक बोल्ट, एक चुकीच्या जागी गेला तर इंजिनाचं नवं कवच तडकायचं. साडू ओटीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, छान लावलंस, आणि तिच्यासाठी चहा टाकायला सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला शेजारी बसवून सगळं समजावलं. तीही कानकोंडी झाली, पण मग एकेक बोल्ट हातात फिरवून पाहू लागली. चिकू पाहून तो वाडीतल्या कुठल्या कोपऱ्यातल्या झाडाचा हे सांगणारी बाई ती. हा धुराजवळचा, निळा पडलाय. हा खालचा, मातीतला. ह्या चौघांना एकच तेल लागलंय. दुपारपर्यंत सातही खोकी पुन्हा भरली. साडूंनी गाडीच्या पुस्तकातल्या चित्रांशी लांबी ताडून पाहिली, दोनच बोल्ट इकडचे तिकडे निघाले. त्यातला एक माझ्या हातून पडला होता.

मिस्त्री आला, इंजिन खाली उतरून जागेवर बसलं. टर्बोला आधी तेल पाजून, मग साडूंनी ताईला बोलावलं आणि चावी तिच्या हातात दिली. दुसऱ्या झटक्याला इंजिन बोलायला लागलं. साडूंनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही उधव्याला गेलो. ताई मागे, मी पुढे. साडू आरशात बघत चालवत होते. सासूबाईंनी ताईचा हात धरला तो सोडेनात. दोघी काही विशेष बोलत नव्हत्या, वालाच्या शेंगा यंदा कशा आल्या एवढंच. अर्ध्या तासाने ताईच घाईघाईने म्हणाली, निघू या, तुम्हाला वाडीत कामं असतील. साडू बाहेर जाऊन बॉनेट उघडून आले.

"आत्ता नाही निघता येणार. टर्बो आहे, गार व्हायला तीन तास तरी लागतात."

टर्बोचं इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर तसंच चालू ठेवायचं असतं, बाकी काही नसतं. हे मला ठाऊक होतं, मीच ते पुस्तक चारदा वाचलं होतं. यंत्राबद्दल हा माणूस कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. पुढे दर खेपेला गाडीचं बॉनेट उधव्याच्या अंगणात तीन-तीन तास उघडं राहिलं, आणि साडू त्यात डोकं घालून काहीही न करता उभे राहिले.

सासूबाई या वर्षी गेल्या. तेराव्याचं आटोपून माणसं पांगली. मेव्हणा आवराआवर करत होता. ताई आईच्या रिकाम्या खाटेवर बसून होती. साडू दारात आले, पण चला म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

ताईने वर पाहिलं. म्हणाली, "आज किती वेळ लागेल हो गार व्हायला?"

"तू म्हणशील तेवढा," साडू म्हणाले, आणि बॉनेट उघडायला अंगणात गेले.