मशीनला बांधलेला बिब्बा

मी घोरते, हे साठी उलटली तरी मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? सासूबाई होत्या तोवर त्याच माझ्याहून मोठ्यानं घोरायच्या, त्यात माझं खपून गेलं. त्या गेल्यावर आमचे मालक ओसरीत खाट टाकून झोपायला लागले. मी समजायची, आत उकडतंय बिचाऱ्यांना. ऐन थंडीतही उकडतंय असं कितीतरी वर्षं समजत होते, म्हणजे मी किती हुशार ते बघा.

दिवसा मात्र झोप अशी यायची की विचारू नका. भाकरी थापता थापता डोळा लागायचा. तव्यावरची करपली की मालक म्हणायचे, "आज भाकरीला बी डुलकी लागली व्हय?" मी हसण्यावारी न्यायची. वयाचं आहे म्हणायची.

मग माझे इवाई वारले. माझी लेक सास्तूरला दिलीय, तिचे सासरे. शांत माणूस. तेराव्याला आम्ही माकणीहून सकाळीच गेलो. जेवणं झाली आणि महाराजांचं प्रवचन सुरू झालं. मांडवात एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. मी भिंतीला टेकून बसले होते. महाराज आत्म्याचं काहीतरी सांगत होते, एवढं मला आठवतं.

पुढचं आठवतं ते लेकीनं दंडाला काढलेला चिमटा. डोळे उघडले तर महाराज थांबलेले. सगळा मांडव माझ्याकडं बघतोय. दोनचार जणींनी तोंडाला पदर लावलेला, एकीचे खांदे हलत होते. माझ्या हनुवटीवर लाळ. लेकीचं तोंड लालबुंद. तिच्या सासऱ्याच्या तेराव्याला तिची आई घोरत होती, आणि साधंसुधं नाही. मालकांनी नंतर सांगितलं की त्यांना पुरुषांच्या बाजूला वाटलं, मागं कुणी ट्रॅक्टर चालू केला.

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण त्या सगळ्यात एकटी इहीणबाई, माझ्या लेकीची सासू, हसली नव्हती. ती कोपऱ्यात बसली होती, कपाळ मोकळं. ती हळूच म्हणाली, "झोपू द्या त्यास्नी. ह्यो आवाज माझ्या वळखीचा हाय."

निघताना तिनं मला आत बोलावलं. म्हणाली, "इहीणबाई, तुमचा श्वास मधीच थांबत होता. मी मोजत बसले होते. यांचं बी तसंच व्हायचं. डॉक्टरला दाखवा."

तेराव्याच्या दिवशी, स्वतःचं एवढं दुःख असताना, ती बाई माझे श्वास मोजत बसली होती. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "काय न्हाई वो, जागरण झालंय."

पण लेकीनं ऐकलं नाही. मला लातूरला नेलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाला नळी लावून झोपायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत श्वास थांबतो, लई वेळा थांबतो, हवा ढकलणारं मशीन रोज लावून झोपावं लागंल. नवं मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा लेक म्हणाली, आमच्या घरी आहे की, मामांचं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. डॉक्टर म्हणाले, चालंल, मास्क, नळी आणि हवा गाळायची जाळी नवी घ्या, हवेचा दाब तुमच्या मापानं आम्ही लावून देतो.

आता माझी पंचाईत बघा. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, हे आमच्या हाडात बसलेलं. माझी आई माझ्या घरी आली की पाणी प्यायला मागच्या आळीला जायची. आता कुणी एवढं पाळत नाही, मीही लेकीकडं पोटभर जेवते. पण वस्तू आणायची? आणि तीही गेलेल्या माणसाची? गेलेल्याचे कपडे, अंथरूण, चपला आपण घराबाहेर काढतो. आणि हे मशीन तर त्यांच्या नाकातोंडाशी चार वर्षं लागलेलं.

इहीणबाईनं ते काळ्या पिशवीत घालून, वर स्वच्छ टॉवेल गुंडाळून लेकीबरोबर पाठवलं. लेकीनं ते आधी लातूरला नेऊन दाब लावून घेतला, नवा मास्क-नळी घेतली आणि मग मला आणून दिलं. मी ते ज्वारीच्या कणगीमागं ठेवलं आणि दोन दिवस त्या खोलीत एकटी गेले नाही. हे आज लिहितानाही मान खाली जाते.

तिसऱ्या दिवशी मालक रानात गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि मशीनला शुद्ध करून घेतलं. सुतक फिटल्यावर घर करतो तसं. वरून गोमूत्र शिंपडलं. तेवढ्यानं मन भरेना, म्हणून पाणी भरायची जी लहान डबी असते ती गोमूत्रानं विसळली. मग काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवला आणि मशीनच्या मागच्या बाजूला वायरीजवळ आवळून बांधला. नव्या मोटरसायकलला बांधतो तसा. तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं.

पहिल्या रात्री मास्क लावला आणि बटण दाबलं. हवा आली ती डबीतून ओली होऊन, गोमूत्राचा वास घेऊन, थेट मेंदूत! ठसका लागला, डोळ्यातून धारा. मालक ओसरीतून धावत आले. मला बघून दारातच थबकले.

"काय गं ही? सोंड लावून बसलीयास. गणपती बसवला का काय घरात?"

"जावा तुमी तिकडं."

"आन् ह्यो गोठ्याचा वास कुठनं येतोय?"

मी सांगितलं नाही. डबी पाच वेळा धुतली, तरी आठवडाभर वास गेला नाही. माझी करणी माझ्याच नाकात परत येत होती, कुणाला सांगणार?

लातूरला दाब लावून देणाऱ्या पोरानं लेकीजवळ सांगून धाडलं होतं, सवय होईपर्यंत दिवसा जागेपणी बसून लावा. म्हणून दुपारी कडी लावून मास्क चढवायची आणि तूर निवडत बसायची. हवा आत रेटायची तेव्हा कुणी जबरदस्तीनं घास भरवतंय असं वाटायचं. सोडताना श्वास अडायचा. जीव घाबरा होऊन ओढून काढायची, परत लावायची. नाकावर वळ उठला. भूकंपानंतरची ही आमची घरं, शेजारी जाऊबाईचं दार चार पावलांवर, तिला घुरघुर ऐकू जायची.

"काय लावलंय गं आत? कडी काढ."

"वाफ घेते. सर्दी झालीया."

महिन्याभरानं ती म्हणाली, "तुझी सर्दी काय संपंना बया. दुसऱ्या कुणाला तरी दे की थोडी." मी हसले. बाईमाणूस घोरतं, हे सांगण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं वाटायचं. आणि मशीन कुणाचं, हे तर सांगायचं नावच नको.

पण एक गोष्ट खरी. पाच आठवड्यांनी एका सकाळी जाग आली तर डोकं हलकं. तोंड कोरडं नाही, मान जड नाही. चूल पेटवली, बारा भाकरी केल्या, एकही करपली नाही. मला वाटलं, माणसं रोज अशी उठतात? आणि मी एवढी वर्षं कशी उठत होते?

त्याच आनंदात मी इहीणबाईला जेवायला बोलावलं. आमच्याकडं दुःख झालेल्या माणसाला पहिल्यांदा घराबाहेर काढायचं ते सोयऱ्यानं, घरी आणून तोंड गोड करायचं. लेकीबरोबर ती आली. पुरणपोळी केली होती. ती अर्धीच खाल्ली तिनं. मग हात धुऊन म्हणाली, "मशीन लागू पडलं म्हणं. बघू तरी."

मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, आत पसारा हाय." पण ती उठलीसुद्धा. आणि नेमकी त्याच वेळी जाऊबाई आली, भेटायला म्हणून. ती दारातूनच म्हणाली, "बघा बघा इहीणबाई. आमच्या हिला असली सर्दी झालीया, वाफंचं मशीनच आणलंय घरात."

इहीणबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. उशापाशी बसली आणि मशीनवरनं हात फिरवला, लेकराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. हात फिरवता फिरवता मागं गेला आणि थांबला. तिनं मशीन वळवलं. काळा दोरा, बिब्बा. तिनं वाकून वास घेतला. दीड महिना झाला होता, पण खाचेत मुरलेला वास कुठं जातोय.

"शिंपडलं का तुमी?" तिनं विचारलं.

मी पुढं होऊन मशीन सरळ करायला लागले. लेक माझ्याकडं बघत होती. तेराव्याला बघत होती ना, त्याहून वाईट.

"इहीणबाई," ती म्हणाली, "यांना कसली लागण नव्हती वो." एवढंच. पदर सारखा केला, मालकांना नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता लेकीला घेऊन गेली.

त्या दिवसापासून मी मशीन लावलं नाही. हात धजेना. चार दिवसांत परत भाकरी करपायला लागल्या. पाचव्या दिवशी कात्रीनं बिब्बा कापला, मशीन पुसलं, पिशवीत घातलं आणि एसटीनं सास्तूर गाठलं. परत देऊन टाकायचं ठरवलं होतं. ज्या वस्तूचा मी विटाळ मानला, ती कुठल्या तोंडानं वापरू?

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. लेक आणि जावई शेतात. मी पिशवी तिच्यापुढं ठेवली. एसटीत सगळं जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "चुकलं माझं. परत घ्या."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "राग आला न्हाई असं म्हणू का? आला. घरी येऊन दोन दिवस जेवले न्हाई. तुमच्या लेकीला म्हणाले, पोटात बरं न्हाई."

तिनं हातातली टरफलं बाजूला टाकली.

"यांचे कपडे सोडले, गादी दिली, काठी सुदीक दिली. कुणी काय ठेवू दिलं न्हाई मला. म्हणले, ठेवू नये. ह्ये एक लपवून ठेवलं. म्हणलं, कुणाच्या तरी श्वासाला येईल. अन् तुमी त्याला बिब्बा बांधला."

मला रडू आलं. ती मात्र रडली नाही. तिनं टोपली बाजूला सारली, पिशवी उघडली, मास्क काढून उजेडात धरला आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "हे काय? कधीपासनं धुतला न्हाई?"

"पुसते की मी."

"पुसून भागतंय व्हय? किती मळ बसलाय बघा." तिनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं, साबण घेतला. "यांचा मी रोज सकाळी धुवायची. चहा मागनं, मास्क आधी. हितं, ह्या कडंला बोट फिरवायचं. नळी अशी टांगायची. करा बघू."

मी तिच्या अंगणात खाली बसून मास्क धुतला. तिनं दोनदा परत धुवायला लावला.

वाळल्यावर तिनं सगळं पिशवीत भरून माझ्याच हातात दिलं. म्हणाली, "दिलेलं मी परत घेणार न्हाई. पण वापरायचं तर त्यांचं म्हणून वापरा. कुणी इचारलं तर सर्दी सांगू नका."

परतीच्या एसटीत कंडक्टरनंच विचारलं. "आजी, पिशवी मांडीवर कशाला? वर टाका की. काय अंडी हायेत का?"

माझे कान तापले. शेजारी एक बाई बसली होती, पुढं दोघं ओळखीचे. मी म्हणाले, "झोपायचं मशीन हाय. मी लई घोरते. माझ्या इवायाचं होतं, ते वारले, म्हणून मला मिळालं."

पुढचे दोघं वळून बघायला लागले. शेजारच्या बाईनं पदर हळूच आपल्याकडं ओढून घेतला, पिशवीला लागू नये म्हणून. तिला काय बोलणार? मी तर गोमूत्र शिंपडलं होतं.

घरी येऊन जाऊबाईलाही सांगितलं. ती खाटेवरनं उठून उभी राहिली. "म्हंजी गेलेल्या माणसाचं? अन् तू त्ये तोंडाला लावतीस?" तेव्हापासून ती माझ्या खाटेवर बसत नाही, उंबऱ्यावर बसून बोलते. मला वाईट वाटतं, पण मी तिला बोल लावत नाही.

इहीणबाईचा अधूनमधून सकाळी फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, पाऊसपाणी नाही. "धुतला का?" एवढंच विचारते. मी म्हणते, "धुतला." परवा एका लग्नाला जायच्या घाईत धुवायचा राहिला होता, तरी मी तसंच म्हणाले. फोन ठेवला आणि लाज वाटली. नवी साडी नेसलेली होते, तशीच मोरीत बसले आणि आधी मास्क धुतला.