गोबर गॅस बघायला बायका आल्या तेव्हा

सासूबाईंच्या छातीत चुलीचा धूर बसला होता. पौडच्या डॉक्टरांनी चूल सोडायला सांगितली, म्हणून तर आम्ही गोठ्यामागं गोबर गॅसची टाकी बांधली. पण तिला घरचा संडासही जोडलेला, आणि तिथंच घोडं अडलं. "त्या गॅसवरचं मी तोंडात घालायची न्हाई," म्हणाल्या आणि खोकत खोकत चुलीपुढं बसल्या. माझं डोकं असं तापायचं. शेणाच्या गोवरीवर भाजलेली भाकरी चालते, मग शेणाच्या गॅसवरची का नाही? मी भांडायचे, त्या खोकायच्या.

गावोगाव गोबर गॅसची माहिती सांगत फिरणाऱ्या एक ताई होत्या. देव त्यांचं भलं करो. मुठा खोऱ्यातल्या बायकांना चालू शेगडी दाखवायला त्यांनी आमचं घर निवडलं. ते कळल्यावर सासूबाईंनी पदर खोचला. गॅस नको, पण घरी आलेल्या बायकांनी नावं ठेवलेली कशी चालतील? आठवडाभर त्या रोज गोठा आणि संडास फिनेल ओतून धूत होत्या. मला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या बाजूनं झालं.

बायका आल्या. मी ऐटीत काडी ओढली. शेगडी फुरफुरली आणि विझली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. बायका पदराआड हसायला लागल्या. ताई टाकीपाशी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिच्यात काय गेलंय?"

"फिनेल," सासूबाई दारातून बोलल्या. "म्याच वतलंय. वास येऊ नये म्हणून."

ताई रागावल्या नाहीत. टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते बिनहवेचे जगतात, शेण खातात, त्यातून गॅस होतो. फिनेलनं ते मरतात, एवढंच त्यांनी सांगितलं. हसणं थांबलं. सासूबाई मटकन खाली बसल्या. "जित्या जिवांना इख घातलं गं म्या."

दुसऱ्या दिवसापासून शेण कालवायला त्याच. ताईंनी सांगितल्यासारखं थोडं थोडं, ताजं. मला हात लावू देईनात. "तू लई घाईची हायेस," म्हणायच्या. "आदी त्यांना खाऊ दे."

काही आठवड्यांनी निळी आच पुन्हा धरली. बायकांना निरोप सासूबाईंनीच धाडला. त्याच गॅसवर चहा झाला, कप भरले, पण कुणी हात पुढं करेना. सगळ्या एकमेकींकडं बघत बसल्या. तेवढ्यात सासूबाईंनी कप उचलला, फुंकर मारली आणि घोट घेतला.

"कसा लागतोय, मावशी?" एकीनं विचारलं.

"च्यासारखा. घ्या, गार व्हतोय."

सकाळी उठले तर घरात धूर नव्हता. सासूबाई गॅसवर भाकरी भाजत होत्या आणि माझ्यावर चिडल्या होत्या. "ही आच बारीक कशी करायची, ते का न्हाई सांगितलंस?" मला भरून आलं. मी त्यांचा हात धरून शेगडीचं बटण फिरवून दाखवलं.