समोर मांडलेली खुर्ची

बातमी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. मी मंडईत होते, हातात मेथीची जुडी, आणि पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. 'अत्यंत दुःखद. आपल्या वंदनाताई आज पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने गेल्या.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ती रांग संपायच्या आत आणखी एक मेसेज येऊन पडला, की आजची रिव्ह्यू मीटिंग सकाळच्याऐवजी दुपारी होईल. त्याला लगेच कुणीतरी अंगठा दाखवला. जोडलेले हात, अंगठा, पुन्हा जोडलेले हात... भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "घ्यायची नसेल तर ठेव खाली, हाताने कोमेजते." मी जुडी ठेवून दिली. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. तो उतरायची वाट बघत बसले असते तर हा लेख कधीच लिहून झाला नसता.

आमची कंपनी पुण्यातल्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळते. लिफ्ट बंद पडली, कुणी आत अडकलं, की लोक जिथे फोन करतात तो तक्रार विभाग वंदनाताई चालवायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिस कसबा पेठेत होतं, एका भांड्यांच्या दुकानावरच्या खोल्यांमध्ये. खाली ठोक्यांचा आवाज, वर फोनचा. एका बाजूला आम्ही फोनवाल्या, दुसऱ्या बाजूला दुरुस्तीला जाणारे तंत्रज्ञ, आणि दोघांमध्ये कायम धुमसतं वैर. आम्ही म्हणायचो, हे लोक फोन उचलत नाहीत. ते म्हणायचे, या बायका एसीत बसून लोकांना वाटेल ती वचनं देतात. एसी नव्हताच, पण तो मुद्दा वेगळा.

पहिल्याच आठवड्यात मी सोमनाथबद्दल तावातावाने बोलायला लागले. सोमनाथ हडपसरपलीकडच्या मांजरी गावचा, घरची ऊसशेती, त्यातली अर्धी आता इमारतींखाली गेलेली, आणि तो त्याच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. मी बोलत असताना वंदनाताई उठल्या. कोपऱ्यात एक खुर्ची होती, एक हात तुटलेली, म्हणून कुणी वापरत नसे. ती त्यांनी ओढत आणली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "हा सोमनाथ. आता सांग." मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्या हात बांधून उभ्या. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सुरुवात केली, आणि माझं वाक्य आपोआप आखूड झालं. 'हे लोक असेच' म्हणता येईना, कारण समोर लोक नव्हते, एक सोमनाथ होता. शेवटी माझ्याजवळ एवढंच उरलं, की परवा तुम्ही फोन उचलला नाहीत आणि मला गिऱ्हाइकाच्या शिव्या खाव्या लागल्या. "झालं?" ताई म्हणाल्या. "एवढंच त्याला उद्या सांग. जेवढं खुर्चीला सांगता आलं तेवढंच."

हीच त्यांची रीत. गैरहजर माणसाबद्दल बोलायचं, तर त्याची खुर्ची आधी ओढायची. दुसऱ्या दिवशी सोमनाथ आला तेव्हा मी त्याला सांगितलं, आणि मग त्याने माझी हजेरी घेतली. "तुम्ही लोकान्ला दहा मिन्टात येतो म्हणून सांगता. मी तवा हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये हाय. गेल्यावर श्या कोण खातं? मीच की." आमचं चांगलं कडाक्याचं भांडण झालं. पण ते तोंडासमोर झालं, आणि संपलंसुद्धा. त्यातून ठरलं, की तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय आम्ही वेळ सांगायची नाही आणि इमारतीतून निघताना त्याने आम्हाला एक फोन करायचा. हे काही कुठल्या तज्ज्ञाने शिकवलेलं नाही. पुढे सगळेच तसं करायला लागले.

ही रीत कुठली, असं मी एकदा विचारलं. ताई येरवड्याच्या, वडील तिथल्या बुद्धविहारात सगळ्यांना धरून असणारे. वस्तीत दोन घरांचं भांडण आलं की दोन्ही बाजू सतरंजीवर बसल्याशिवाय ते कुणाला तोंड उघडू द्यायचे नाहीत. एकच बाजू आली असेल तर चहा द्यायचे आणि घरी पाठवायचे. "ऑफिसात सतरंजी कुठून आणू? खुर्ची होती," ताई म्हणाल्या.

मी मात्र पत्रकांवर वाढलेली. बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे. घरात गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे, मी शाळेतून आले की त्यांच्या घड्या घालायला बसायची, अक्षरंसुद्धा त्यावरच जुळवायला शिकले. अन्याय दिसला की माझ्या डोक्यात मथळा तयार होतो. ताई मला पत्रकवाली म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझं चुकत नाही गं. पण पत्रक देणारा देऊन पुढे जातो. थांबून उत्तर कोण ऐकतं?" मला तेव्हा राग आला होता. आजही पूर्ण पटलेलं नाही. काही माणसं समोर बसतच नाहीत, त्यांच्यासाठी पत्रकं लागतात... पण तो भाग पुढे येईल.

कंपनी वाढली आणि आम्ही खराडीला काचेच्या इमारतीत गेलो. नवं फर्निचर आलं. ती एकहाती खुर्ची ताईंनी भंगारात जाऊ दिली नाही, टेम्पोत घालून आणली. आशुतोष सर, म्हणजे आमचे संचालक, मोठ्या अभिमानाने सांगायचे, की माझ्या केबिनला दारच ठेवलेलं नाही, कुणीही केव्हाही येऊन बोलावं. दार नव्हतं हे खरं. सरही नसायचे. मग त्यांनी एका हॉटेलात संवादाचं शिबिर घेतलं. आम्ही गोल बसून एकमेकांकडे चेंडू फेकला, एकमेकांबद्दल एकेक गोड वाक्य चिकटपट्टीवर लिहून पाठीला लावलं. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, की टीका नेहमी दोन स्तुतींच्या मध्ये ठेवून द्यावी, सँडविचसारखी. ताईंनी शांतपणे विचारलं, "नुसतंच मधलं हवं असेल तर कुठे मिळतं?" सगळे हसले, ते गृहस्थही हसले, आणि पुढच्या खेळाकडे वळले. जेवणाच्या सुट्टीत ताईंनी सरांना एकच गोष्ट विचारली, की तंत्रज्ञ का नाहीत इथे. सर म्हणाले, ते फील्ड स्टाफ. संवाद सुधारायचा होता, आणि ज्यांच्याशी सुधारायचा ते रस्त्यावर होते. याचा राग फक्त आम्हा दोघींना आला, हे मला अजून समजत नाही.

त्यानंतर मांजरीच्या एका नव्या सोसायटीत एक वयस्कर गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले. सुखरूप निघाले, पण घाबरून अर्धे झाले होते. सोसायटीने कंत्राट काढून घेण्याची धमकी दिली. त्या लिफ्टच्या दाराचं कुलूप झिजलंय, बदलायला हवं, हे सोमनाथ कितीतरी दिवस सांगत होता. कुलूप मंजूर झालं नव्हतं. रिव्ह्यूत आशुतोष सर म्हणाले, तंत्रज्ञाचा हलगर्जीपणा आहे, त्याला कमी करून सोसायटीला तसं कळवू. सोमनाथला बोलावलेलं होतं, पण बाहेर, जिन्यात बसवून ठेवलेलं. मी टेबलाच्या टोकाला होते. ताई उठल्या. ती खुर्ची ओढत आणली, काचेच्या त्या खोलीत तिच्या पायांचा केवढा आवाज झाला, आणि बरोबर सरांच्या समोर ठेवली. "सर, सोमनाथ जिन्यात बसलाय, बोलावता येईल. तोवर तो इथे बसलाय असं समजून बोला."

सर आधी हसले. मग पाण्याची बाटली उघडली. म्हणाले, तसं काही अजून ठरलेलं नाही, आपण प्रक्रिया बघू. सोमनाथची नोकरी वाचली. कुलूपही आलं.

काही दिवसांनी ग्रुपवर सरांचा मेसेज पडला. 'वंदनाताईंचे मनःपूर्वक अभिनंदन! त्या आता मांजरीच्या गोदामाची महत्त्वाची जबाबदारी सांभाळणार आहेत.' फुलं, टाळ्या, फुगे. ताई तेव्हा बसमध्ये होत्या, ऑफिसला येत होत्या. आपली बदली झाली हे त्यांना टाळ्यांवरून कळलं. ऑफिसात पोचल्या तर त्यांच्या जागेवरचा फोन काढलेला. ती खुर्चीही त्यांच्याबरोबरच गेली, 'जुनं फर्निचर' म्हणून, गोदामाच्या टेम्पोत. जिने अख्ख्या ऑफिसला एकमेकांशी बोलायला लावलं, तिला अशा ठिकाणी बसवलं, जिथे बोलायला दोरखंड आणि खोकी. कुणाला अपमान करायचा असेल तर त्याने निदान अपमान करावा. अभिनंदन करून अपमान करायचा, आणि वर समोरच्याने धन्यवाद म्हणावं अशी अपेक्षा ठेवायची, याला आमच्याकडे हल्ली सकारात्मक भाषा म्हणतात.

मी त्याच दिवशी संध्याकाळी एक निवेदन लिहून काढलं. मथळा, मुद्दे, सगळं. सह्या घेणार होते. ताईंनी ते वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि परत दिलं. "मला पत्रक नको गं. मला उत्तर हवंय. का, एवढंच. ते त्यांनी समोर बसून सांगावं." मग त्या विचारत राहिल्या. सर दरवेळी म्हणायचे, "नक्की बसू, ताई." किती छान शब्द. बसू.

मी त्यांना शेवटचं भेटले ते मांजरीच्या गोदामात. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभ्या इमारती, मध्ये पत्र्याची शेड. ताईंनी एवढ्या धुळीतही सगळं लख्ख ठेवलं होतं. त्यांच्या टेबलासमोर ती एकहाती खुर्ची, पुसलेली. मी तिच्यावर बसायला गेले तर म्हणाल्या, "तिथे नको. ती सरांची. यायचेत ना बोलायला." आणि मला खोक्यावर बसवलं. हसत होत्या. मग हसू थांबलं आणि म्हणाल्या, "मला परत यायचंच आहे असं नाही गं. इतकी वर्षं काम केलं. माझी चूक झाली असेल तर चूक सांगा, राग आला असेल तर राग सांगा. मी ऐकून घेईन. पण कुणीतरी तोंडावर सांगा..." बाहेर टेम्पो आला आणि त्या उठल्या. ते वाक्य तिथेच राहिलं.

त्या गेल्यावर आठवडाभराने ऑफिसात शोकसभा झाली. त्याच काचेच्या खोलीत. टेबलावर ताईंचा फोटो, शिबिरातला, तेव्हा त्यांच्या पाठीला ती गोड वाक्याची चिकटपट्टी होती, फक्त समोरून दिसत नव्हती. आशुतोष सर फार छान बोलले. म्हणाले, ताई म्हणजे आमच्या संवादाचा चेहरा. म्हणाले, त्यांनी स्वतःहून गोदामाचं आव्हान स्वीकारलं. म्हणाले, या खोलीला आपण त्यांचं नाव देणार आहोत, वंदना संवाद कक्ष. मी उठणार, तेवढ्यात दारातून सोमनाथ आला. कामाच्याच कपड्यांत होता, आणि हातात ती खुर्ची. गोदामातून टेम्पोत घालून आणली होती. त्याने ती सरांच्या समोर ठेवली, नीट, तोंड त्यांच्याकडे करून.

"सर, ताई हितं बसल्यात. ते स्वतःहून गेल्या म्हणलात, ते यांच्याकडं बघून म्हणा."

सरांनी खुर्चीकडे बघितलं. खरंच बघितलं, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. पाणी प्यायले. क्षणभर मला वाटलं, आता बोलतील, आणि मी त्यांना त्या एका वाक्यासाठी बरंच काही माफ केलं असतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आपण दोन मिनिटं शांत उभं राहून ताईंना श्रद्धांजली वाहूया."

सगळे उभे राहिले. माना खाली, हात जोडलेले, अगदी ग्रुपवरच्यासारखे. जिला फक्त एक उत्तर हवं होतं, तिला आम्ही शांतता दिली, तीही उभ्या उभ्या. मी उभी राहिले नाही. सोमनाथही नाही, तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्या खोलीत आम्ही दोघं आणि ती खुर्ची, एवढेच बसलेले होतो.

खोलीवर आता पाटी लागली आहे. पितळी, ठसठशीत. संध्याकाळी झाडलोट झाली की ती खुर्ची कोपऱ्यात जाते, आणि सकाळी आमच्यापैकी कुणीतरी ती ओढून टेबलाशी आणतं. कधी मी, कधी सोमनाथ, हल्ली नव्याने लागलेल्या मुलीसुद्धा, ज्यांनी ताईंना पाहिलेलं नाही. सर त्या खोलीत रिव्ह्यू घेत नाहीत, फोनवर घेतात. मध्यंतरी निरोप आला, की तुटलेलं फर्निचर चांगलं दिसत नाही, गिऱ्हाइकं येतात, ते हलवावं. मी कळवलं आहे, हलवते. सरांनी फक्त येऊन बसावं, ताईंना जे सांगायचं राहिलं ते सांगावं. त्यानंतर ती खुर्ची मी स्वतः उचलून नेईन.