कपाटातला कागद आणि चकवा

मी दर्यापूरची, सपाट काळ्या जमिनीत वाढलेली. वनरक्षक म्हणून चिखलदऱ्याच्या पायथ्याला नेमणूक झाली तेव्हा माय म्हणाली, "जंगलात कोनी हाक मारली तं ओ देऊ नको." मी हसले. तिथं गेल्यावर पाहिलं, तर अख्खं गाव हेच पाळत होतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांआधी अकोल्याहून फिरायला आलेला एक माणूस गावाजवळच्या नाल्यापलीकडे हरवला. आमच्या वनखात्याच्या ऑफिसनं गावाला एकच सांगितलं, चौकशी सुरू आहे. मग गावानं आपलं आपण ठरवलं : चकव्यानं बायकोच्या आवाजात हाक मारली, त्यानं ओ दिली, अन् गेला. तेव्हापासून नाला ओलांडणं बंद.

खरं काय ते ऑफिसच्या कपाटात होतं. माणूस दगडावरून घसरला, डोक्याला मार लागून गेला. पलीकडच्या रस्त्यानं नातेवाइकांनी त्याला नेलंही. पर्यटक घाबरतील म्हणून साहेबांनी फाइल दाबून ठेवलेली; कपाट लावताना ती माझ्या नजरेस पडली होती.

यंदा पलीकडे मोहफुलं जास्त पडतात म्हणून नाला ओलांडून वेचायला गेलेला एक म्हातारा परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, "बाहेर बोलू नका. पर्यटकांचा हंगाम आहे." आम्ही ऑफिसचे चौघं दुपारपर्यंत पलीकडे हाका मारत फिरलो. काही नाही. गावकरी नाल्याशीच थांबले. डोक्यावर ऊन, अन् म्हाताऱ्याजवळ पाण्याची एकच बाटली.

त्याची मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "म्याडम, बाबा ऐकत असन. पन ओ नाई देनार."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या भीतीनं तो गप्प बसला होता, ती आम्हीच गावाला पुरवली होती. तडक ऑफिसात गेले, कपाट उघडलं, तो कागद घेतला अन् नाल्यावर सगळ्यांसमोर वाचला.  मग एक बाई पदर खोचून पाण्यात उतरली, मागून तीसेक माणसं.

पलीकडे चढावर उभं राहून मी तोच कागद पुन्हा वाचला, घसा फाटेस्तोवर. "सदर इसम शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून खाली पडल्याने मयत झाला असून..."

खालच्या कपारीतून आवाज आला, "हौ! मी अठी हावो."

पाय मुरगळलेला, ओठ फुटलेले, सदरा उलटा घातलेला. चकवा लागला की तसा घालतात. आमच्या सगळ्या हाका त्यानं ऐकल्या होत्या. मग आताच ओ कशी दिली, असं मुलीनं विचारलं. पाणी पिऊन म्हणतो कसा, "चकव्याले इतकी सरकारी मराठी येत नसन."

सगळे हसले. त्यानं मात्र माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. "म्याडम, हे मालूम होतं तं दोन सालापासून कावून नाई सांगितलं?"

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी त्याला आधार देत नाला ओलांडला. पण त्या दिवशी मला माझा जितका अभिमान वाटला, तितका नोकरीच्या ऑर्डरीनंही वाटला नव्हता.

आठ दिवसांनी मेमो आला : कार्यालयीन माहिती गावात कोणी व का सांगितली, लेखी खुलासा करावा. 'कोणी'पुढे मी माझं नाव लिहिलं. 'का'पुढे म्हाताऱ्याचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत. खाली सही ठोकली. ऑफिसचं उत्तर अजून यायचं आहे.