सासूच्या पुलावरचा फोटो

दोहात रस्त्याने चालणाऱ्या बाईकडे लोक गाडीची काच खाली करून बघतात. हिच्याकडे एकतर गाडी नसेल किंवा नवरा तरी नसेल, असा त्यांचा समज. माझ्याकडे दोन्ही आहेत. फक्त गाडी नवरा चालवतो, कारण लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा गेलेच नाही. अल मन्सूरातल्या आमच्या फ्लॅटपासून ऑफिस, भाजी, शिंपी, दातांचा डॉक्टर, सगळं मी पायी करते. उन्हाळ्यात छत्री घेऊन करते.

माझी थोरली जाऊ मुऐदरला राहते, व्हिलात. ती दारातून गाडीत आणि गाडीतून दारात, एवढंच चालते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख करून द्यायची झाली की ती म्हणायची, "ही आमची पदयात्री." लोक हसायचे. मीही हसायचे, कारण तेव्हा माझं तिच्याशी काही वाकडं नव्हतं.

वाकडं झालं ते थोरल्या दिरांच्या पन्नाशीच्या दिवशी. शुक्रवारची दुपार होती, व्हिलात चाळीसेक माणसं होती. मी सकाळपासून तिथेच होते. मसालेभात माझा, कोशिंबीर माझी, आणि जेवणं झाल्यावर गाणंही माझंच. लग्नाआधी मी थोडं गाणं शिकले होते. माझा फोन बंद पडला होता म्हणून आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. मी एक गाणं म्हटलं. टाळ्या वाजल्या. मी उठायला लागले तर जाऊ म्हणाली, अजून एक म्हण. तिच्या हातात तिचा फोन होता, ती व्हिडिओ काढत होती. मी दुसरं गाणं म्हटलं, चांगलं रंगवून म्हटलं.

चार वाजता, शेवटची माणसं गेल्यावर, तिने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि सांगितलं की माझे वडील गेले. माझ्या भावाला माझा फोन लागला नव्हता, नवऱ्यानेही उचलला नव्हता, म्हणून त्याने मिरजेहून तिला मेसेज केले होते. पहिला साडेबाराला, बाबा सीरियस आहेत म्हणून. दुसरा दीडच्या सुमाराला, बाबा गेले म्हणून.

"आत्ताच बघितला गं मेसेज," ती म्हणाली.

साडेपाचचं मुंबईचं विमान हातचं गेलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. भाऊ म्हणाला, बघ, मी तुझी वाट बघायला लावली असती सगळ्यांना, पण तुझा काही निरोपच नाही.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. दुसरं गाणं म्हणायला लावताना तिला माहीत होतं का, हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा हळदीकुंकवाला बायकांसमोर विचारलं, तेव्हा बायका हसल्या. प्रत्येक वेळी तेच उत्तर, आत्ताच बघितला होता. नवरा म्हणायचा, खलास कर आता, किती दिवस धरून बसणार. मी धरून बसले. तीन वर्षं तिच्या घरी फराळाचे डबे पोचवत, तिच्या मुलीचे इंग्रजी टोमणे ऐकत, मी धरून बसले.

मग एका ईदच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून ओडेसाला जायचं ठरलं. काळ्या समुद्राकाठचं ते गाव कुणीतरी थोरल्या दिरांना सुचवलं होतं, हवा छान आणि गर्दी कमी म्हणून. तेव्हा तिथे युद्धाचं नावही नव्हतं. मी महिनाभर आधी नकाशा काढून बसले. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे बसायला बाक आहे, सगळं वहीत लिहिलं. ते गाव पायी बघायचं गाव आहे हे वाचून मला बरं वाटलं. जावेला घरापासून लांब, गाडीशिवाय, माझ्या चालीने चालवायचं, एवढाच तेव्हा माझा बेत होता. तळपायाला फोड आले पाहिजेत, यापलीकडे माझी मजल नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुरुष मुलांना घेऊन डॉल्फिनचा शो बघायला गेले. आम्ही दोघी निघालो. पुरुषांनी आणि जावेने रोमिंग घेतलं नव्हतं, हॉटेलचं वायफाय पुरे म्हणाले. मी विमानतळावरच तिथलं सिमकार्ड घेतलं होतं, नकाशासाठी. आणि निघताना सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नंबर टाकून ठेवला होता, काही लागलं तर यावर करा म्हणून.

ऑपेरा हाउससमोर आम्ही उभ्या होतो. पिवळट दगडाची गोल इमारत, वर पुतळे, समोर फुलांचे ताटवे. जून महिना होता आणि झाडांना कसलासा गोड वास येत होता. मी तिचा फोटो काढला. तेवढ्यात माझा फोन थरथरला. तिच्या धाकट्या भावाचा मेसेज होता, नाशिकहून. ताईचा फोन लागत नाही, आईला आयसीयूत हलवलंय, ताईला ताबडतोब फोन करायला सांगा. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती म्हणाली, "कोण गं?"

मी म्हटलं, "ऑफिस."

हे मी विचार करून बोलले का? नाही. पण पुढचं पाऊल मी विचार करून टाकलं, आणि त्याच्या पुढचंही. मी फोन सायलेंटवर केला आणि तिला म्हटलं, "चला वहिनी, अजून पुष्कळ बघायचंय."

समुद्राच्या वरच्या अंगाने झाडांचा लांब रस्ता जातो, तिथून मी तिला नेलं. एका टोकाला जुनी तोफ आहे. तोफेवर हात ठेवून ती उभी राहिली, मी फोटो काढला. रस्त्याच्या मध्यावर कुणा ड्यूकचा पुतळा आणि त्याच्यासमोर बंदराकडे उतरणाऱ्या त्या प्रसिद्ध पायऱ्या. एकशे ब्याण्णव. वरून बघितलं तर पायऱ्या दिसतच नाहीत, फक्त मधले सपाट टप्पे दिसतात. जावेला वाटलं, फार नाहीयेत. खाली उतरून वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा पडला, कारण खालून नुसत्या पायऱ्याच दिसतात. बाजूला चढायला छोटी केबलगाडी होती. ती म्हणाली, त्यातून जाऊ. मी म्हटलं, आज बंद आहे. चालू होती. आमच्या डोळ्यांसमोर एक डबा वर गेला, पण ती तेव्हा सँडल काढून टाच चोळत होती.

ती चढली. दर टप्प्यावर कंबरेवर हात ठेवून थांबायची, धापा टाकायची, आणि स्वतःवरच हसायची. मी पुढे जाऊन वरून तिचे फोटो काढत होते. तिच्या भावाचे तीन कॉल येऊन गेले. प्रत्येक वेळी खिशात फोन थरथरायचा आणि मला आत कुठेतरी थंडगार समाधान वाटायचं. खोटं कशाला बोलू. मला बरं वाटत होतं. वर आल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू म्हणून आणलंस मला. एवढं मी आयुष्यात कधी चालले नाही." मी हात सोडवून घेतला नाही.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राजवाड्याचे पांढरे खांब लागतात आणि तिथून एक अरुंद लांबलचक पूल सुरू होतो. त्याला सासूचा पूल म्हणतात. कुणा साहेबाची सासू पलीकडे राहायची, तिने त्याच्या घरी मुक्काम ठोकू नये, जेवून आपल्या पायाने परत जावं म्हणून त्याने तो बांधून घेतला, असं तिथले लोक सांगतात. मी हे सांगितलं तर जाऊ कठड्याला टेकून हसत सुटली. आपल्या सासूबाईंना सांगायला पाहिजे, म्हणाली. पूल जरा हलतो, त्याला ती घाबरली, आणि घाबरल्याचंही तिला हसू आलं. कठड्याला प्रेमिकांनी लावलेली कुलपं होती, ती त्यांवरची नावं बोटाने चाचपत होती. मी फोन बाहेर काढला फोटोसाठी. पडद्यावर तिच्या भावाचा मेसेज होता. आई गेली. बारा चाळीस झाले होते.

मी मेसेज बाजूला सारला आणि फोटो काढला. "वहिनी, इकडे बघा," असं म्हणून काढला. तिने बघितलं आणि ती पुन्हा हसली.

त्यानंतर तीन तास मी तिला हिंडवलं. फरसबंदीचा तो चालायचा रस्ता, कारंज्यांची बाग, जुन्या वाटेवरची घरं, त्यांची अंगणं, अंगणातल्या मांजरी. एका म्हातारीकडून आम्ही कागदाच्या पुडीत चेरी घेतल्या आणि खात खात किनाऱ्यापर्यंत गेलो. तिला फोड आले होते. वाळूत पाय सोडून ती बसली, डोळे मिटले आणि म्हणाली की किती वर्षांत असा दिवस मिळाला नाही. पावणेचार झाले होते. संध्याकाळचं इस्तंबूलमार्गे मुंबईला जाणारं विमान आता मिळणं शक्य नव्हतं, ते मी हिशोब करूनच थांबले होते.

मी तिला फोन दिला आणि म्हटलं, "आत्ताच बघितला मी मेसेज."

तिने माझ्या फोनवरून भावाला लावला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती ऐकत होती, आणि ऐकताना एकदाच तिने माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. मी त्यासाठी तीन वर्षं थांबले होते, उत्तर तयार होतं. ती उठली. सँडल हातात घेऊन अनवाणी टॅक्सीपर्यंत चालत गेली. नाशिकला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिने कधी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. फराळाचे डबे जात राहिले. ते फोटो मी कुणालाच पाठवले नाहीत. विचारलं की म्हणायचे, जुन्या फोनमध्ये आहेत.

मग युद्ध सुरू झालं आणि ते गाव बातम्यांत दिसायला लागलं. बंदर पेटलेलं, त्या झाडांच्या रस्त्यावर वाळूच्या गोण्या. अशाच एका बातमीनंतर एका शुक्रवारी सकाळी जावेचा फोन आला. म्हणाली, ते फोटो घेऊन ये, आता ते गाव राहतंय की नाही. नवऱ्याने मला मुऐदरला सोडलं आणि तो पेट्रोल भरायला गेला.

ती दिवाणखान्यात एकटीच होती. चष्मा पुसून तिने माझा फोन हातात घेतला. प्रत्येक फोटोच्या वर त्याची वेळ येते, ती आधी बघायची आणि मग फोटो. ऑपेरा हाउस. तोफ. बराच वेळ ती तोफेवरच्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"यात आई होती का गं?" तिने विचारलं.

मला वाटलं होतं, या क्षणी मला मजा येईल. ती आली नाही. मी म्हटलं, "होती."

पायऱ्या आल्या. "यात?"

"होती."

पुलावरचा आला. तिने दोन बोटांनी स्वतःचा चेहरा मोठा केला. दात दिसत होते, डोळे बारीक झाले होते. "आणि यात?"

"नव्हती," मी म्हटलं. "मेसेज वाचून काढलाय तो."

तिने मान हलवली, भाजीचा भाव पटल्यावर हलवावी तशी. मग फोन मला परत दिला. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच, जुना, जसाच्या तसा. मी म्हटलं, "वहिनी, मी सूड घेतला तुमच्यावर. आता तुम्ही सांगा. दुसरं गाणं म्हणायला लावलंत तेव्हा माझे बाबा होते?"

"पहिल्याला होते," ती म्हणाली. "दुसऱ्याला नव्हते."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. वाचलं आणि मग म्हटलं तुला." ती सोफ्याच्या कव्हरची शिवण नखाने उसवत होती. "मला वाटलं, एकदा सांगितलं की तू परत गाणार नाहीस."

मी खरंच त्यानंतर गायलेली नाही. तिने मायेने लावलं गायला, की दिरांची पन्नाशी सजावी म्हणून, ते मी विचारलं नाही. ती मायेने म्हणाली असती तर मी तिला मारलं असतं, आणि दुसरं काही म्हणाली असती तरीही.

बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, इतका वेळ काय चाललं होतं. मी म्हटलं, फोटो बघत होतो. तो म्हणाला, मलाही पाठव की, मी तर काहीच बघितलं नाही त्या गावातलं, नुसते डॉल्फिन.

इतकी वर्षं मी ठरवून ठेवलं होतं की तिच्या तोंडून एकदा ते वाक्य आलं की आधी नवऱ्याला सांगायचं, मग भावाला, मग मंडळातल्या एकेका बाईला, हळदीकुंकवाला हसलेल्या प्रत्येकीला. आता ते वाक्य माझ्याकडे आहे आणि सांगायला तोंड नाही, कारण तिचं सांगितलं की माझंही सांगावं लागतं. मी काय केलं ते तिला माहीत आहे, तिने काय केलं ते मला. तिच्याइतकं जवळचं मला या देशात दुसरं कुणी उरलेलं नाही, आणि या गोष्टीचा मला फार राग येतो.