भुरी-निरीक्षण उपसमितीच्या अध्यक्षा

नाव: लोरेन सिल्व्हेरा. वय: सदुसष्ट. पूर्वीचा व्यवसाय: टपाल कचेरीत कारकुनी. हुद्दा: पॅसिफिका या किनाऱ्यावरच्या गावातल्या बागप्रेमी मंडळाच्या भुरी-निरीक्षण उपसमितीच्या अध्यक्षा. उपसमितीची सदस्यसंख्या: एक.

मंडळाच्या ऑगस्टच्या बागफेरीत लोकांना दाखवायला या गल्लीतली एकच बाग घेतात. नऊ वर्षं ती लोरेनची होती. यंदा शेजारच्या व्हर्नाचं नाव पुढे आलं, तेही तिच्या क्रेप मर्टलमुळे. क्रेप मर्टल म्हणजे ताम्हणाचं धाकटं भावंड. त्याला ऊन हवं, आणि इथे उन्हाळाभर धुकं दारातून हलत नाही, म्हणजे पानांवर भुरी, ती पांढरी बुरशी, ठरलेली. लोरेनचं झाड तर पीठ सांडल्यासारखं पांढरं. ते तिने सॅक्रामेंटोच्या रणरणत्या जुलैत, बहिणीकडे गेलेली असताना, कलिंगडी फुलांवर भाळून घेतलं होतं. सगळा किनारा असाच फसतो: तिकडच्या उन्हात फूल बघायचं आणि इकडच्या धुक्यात आणून लावायचं. व्हर्नाने फुलांकडे ढुंकून न बघता भुरीला दाद न देणारा 'नॅचेझ' वाण निवडला आणि गॅरेजच्या तापणाऱ्या भिंतीशी लावला.

नियमाप्रमाणे तपासणी लोरेननेच करायची होती. ती शिडी आणि भिंग घेऊन गेली. पाऊण तास पानं उलटीपालटी केली. एक ठिपका मिळाला असता तरी तिचं भागलं असतं.

"सापडली का गं?" शिडी धरून उभ्या व्हर्नाने विचारलं.

"वरची फांदी राहिलीय."

"बघ सावकाश. दोनदाच बघितलीयस ती."

लोरेनने फुलांचा विषय काढला. व्हर्ना म्हणाली, या गारठ्यात फुलतंय कुठलं. आठ वर्षांत एकच तुरा आला, तोही ऑक्टोबरात. लोरेनचा जीव भांड्यात पडला.

"मग लोक येऊन बघणार काय?"

"खोड," व्हर्ना म्हणाली.

साल सुटून खोड दालचिनीच्या रंगाचं झालं होतं, धुक्याने ओलं, गुळगुळीत. लोरेनने हात फिरवला. ते तिला इतकं आवडलं की व्हर्नाचा नव्याने राग आला.

अहवालात तिने लिहिलं: भुरी आढळली नाही, मात्र फुलांअभावी शिफारस विचाराधीन. मंडळाने स्वल्पविरामापर्यंतच वाचलं. फेरीच्या दिवशी माणसं गॅरेजपाशी रांग लावून खोडाला हात लावत होती, आणि लोरेन स्वयंपाकघराच्या पडद्याआडून कोण कितीदा लावतंय ते बघत होती.

फेब्रुवारीत उपसमितीच्या अध्यक्षांनी, जिथे त्यांना कोणी ओळखत नाही अशा लांबच्या रोपवाटिकेतून, एक नॅचेझ आणलं. खड्डा व्हर्नाने खणून दिला.